रंगाचा नवा हात

घरांतल्या एखाद्या जुन्या वस्तूला नवा रंग देण्याचा बेत मनुष्यानें बोलून दाखविला कीं त्याच्या भोंवतीं ताबडतोब दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, "एवढा खटाटोप कशाला? नवीनच आणा कीं!" दुसरा म्हणतो, "हात लावूं नका. जुन्याची शोभा जुनेपणांतच असते." हे दोन पक्ष वरवर पाहतां एकमेकांचे कट्टर वैरी वाटतात, पण माझ्या मतें त्यांचें अंतरंग एकच आहे. पहिल्याला ती वस्तु भंगारांत घालावयाची असते आणि दुसऱ्याला ती कपाटांत ठेवावयाची असते. वापरावयाची दोघांनाही नसते. जगांत तिसराही एक पक्ष आहे, पण तो फारसा बोलत नाहीं. तो पॉलिश-पेपरचा तुकडा घेऊन ओटीवर बसतो आणि घासावयास लागतो. गेल्या पावसाळ्यांत मी या तिसऱ्या पक्षाला जाऊन मिळालों. आणि ज्या वस्तूच्या निमित्तानें मिळालों तिचें नांव सांगितलें तर वाचकांना थोडें हंसूं येईल. ती वस्तु म्हणजे गोल्फच्या काठ्या.

इंग्रजींत या काठीला 'क्लब' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द पत्ते कुटण्याच्या जागेला असा कांहीं चिकटला आहे कीं, "मी सध्यां क्लब रंगवीत आहें" असें मीं सांगतांच गांवांतल्या एका सद्‌गृहस्थांनीं "इमारत कोठें घेतलीत?" म्हणून मोठ्या कौतुकानें चौकशी केली. त्यांचा त्यांत कांहींच दोष नव्हता. आमचें चिखले गांव डहाणू आणि घोलवड यांच्या दरम्यान समुद्राला लागून आहे. एका अंगाला सुरूचीं झाडें आणि पुळण, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. या भागांतल्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गोल्फला मात्र येथें कसलेंच मानांकन नाहीं. हा खेळ पाहावयाचा तर मुंबईस जावें, १९१८ साली स्थापन झालेल्या विलिंग्डन क्लबांत डोकवावें किंवा चेंबूरचें मैदान पाहावें. खुद्द कलकत्त्यास तर तो १८२९ पासून चालत आलेला आहे. साहेब, नंतर साहेबाचे वारस, आणि त्यांच्यामागून पिशवी वाहणारीं पोरें, एवढ्यांचाच तो खेळ, अशी आपली समजूत. आणि ती अगदींच खोटी नाहीं.

परंतु या खेळाचा जन्म कोणत्याही राजवाड्याच्या हिरवळीवर झालेला नाहीं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शेताच्याही उपयोगाची नाहीं आणि समुद्राच्याही मालकीची नाहीं अशी जी वाळवट, खुरट्या गवताची जमीन असते, तिला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. गोल्फ वाढला तो त्या टाकाऊ जमिनीवर. हें ध्यानांत घेतलें म्हणजे ओहोटीच्या वेळीं आमच्या पुळणीवर सकाळीं काठी घेऊन उभा राहिलेला प्रोफेसर तितकासा चमत्कारिक दिसणार नाहीं. ओहोटीला येथें समुद्र दूरवर मागें जातो आणि ओली, घट्ट वाळू सतरंजीसारखी पसरते. तींत खळगा नाहीं, निशाण नाहीं, प्रतिस्पर्धी नाहीं. मी चेंडू मारतों, चालत जाऊन तो गांठतों आणि पुन्हां मारतों. कुत्रीं पहिल्या दिवशीं भुंकलीं. पुढें त्यांनींही नाद सोडला.

काठ्या माझ्या नव्हेत. त्या माझ्या सासऱ्यांच्या. लष्करांत असतांना ते हा खेळ शिकले, आणि निवृत्तीनंतरही गुडघ्यांनीं नकार देईपर्यंत त्यांनीं तो सोडला नाहीं. ते गेल्यानंतर त्यांची पिशवी आमच्याकडे आली आणि दोन वर्षें दाराच्या मागें उभी राहिली. नियमाप्रमाणें खेळाडूला जास्तींत जास्त १४ काठ्या बाळगतां येतात. ही मर्यादा अमेरिकेंत १९३८ सालीं आणि ब्रिटनमध्यें त्याच्या पुढच्या वर्षीं घालण्यांत आली. सासऱ्यांच्या पिशवींत नऊच होत्या. त्यांतल्या सहा लोखंडी, आणि तीन लांब मारासाठीं असतात त्या लांकडी डोक्याच्या. आतां हीं डोकीं धातूचींच असतात, तरी त्या काठीला अजून 'वुड'च म्हणतात. सासऱ्यांचीं मात्र खरोखरच लांकडाचीं होतीं. आणि तें लांकूड पर्सिमन नांवाच्या अमेरिकन झाडाचें. हें झाड म्हणजे आपल्या टेंभुर्णीचें सख्खें भावंड. वनस्पतिशास्त्रांत दोघांचें कुळच काय, पण गोत्रही एक आहे. एका भावाच्या पानाची आपण विडी वळली, दुसऱ्याच्या खोडाचा साहेबानें चेंडू मारण्याचा ठोकळा केला. ज्याचें त्याचें नशीब!

समुद्राकांठीं घर असण्याचें सुख सर्वांना दिसतें. खारी हवा काय करते तें घरांतल्यांनाच ठाऊक. दोन पावसाळ्यांत लोखंडी दांड्यांवर तांबड्या पुळ्या उठल्या, लांकडी डोक्यांवरचें रोगण फुगून त्याचे पोपडे निघूं लागले, आणि जेथें दांडा डोक्यांत शिरतो तेथें गुंडाळलेला मेणाचा दोरा कुजून सुटला. मीं काठ्या रंगविण्याचा विचार पत्नीच्या कानांवर घातला.

ती म्हणाली, "अहो, त्याच्यावर बाबांचा हात आहे."

या वाक्याला उत्तर नव्हतें. खरोखरच त्या मोठ्या काठीच्या रोगणावर एका ठिकाणीं अंगठ्याएवढी झीज होती. पिशवींतून काठी उपसतांना त्यांचें बोट वर्षानुवर्षें तेथें पडत असलें पाहिजे. ती जागा पॉलिश-पेपरनें घासून टाकावयाची म्हणजे काय करावयाचें, हें मला समजत होतें. मीं तो विषय कांहीं दिवस काढला नाहीं.

न्यायानें पाहिलें तर तिच्या बाजूनें पुष्कळ बोलण्यासारखें आहे. जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे लोक मूळ रोगणाला फार जपतात. शंभर वर्षांपूर्वींच्या काठीचें रोगण खरवडलें तर तिचें मोल ताबडतोब उतरतें, आणि तें उतरावें हेंच योग्य आहे. तशी काठी आतां काठी राहिलेली नसते, तो एक दस्तऐवज झालेला असतो. आणि बखरीच्या पानावरून नव्या शाईचा बोरू कोणी फिरवीत नाहीं. पण दाराच्या मागची ही पिशवी कोणत्या जातीची? ती संग्रहालयांत जाणार नव्हती. ती घरांतच राहणार होती. आणि घरांत राहून वापरली न जाणारी वस्तु खाऱ्या हवेच्या प्रदेशांत फार दिवस 'आठवण' म्हणून टिकत नाहीं. आठवण राहते, वस्तु गळून पडते.

या पेचांत असतांना माझें लक्ष ज्या गोष्टीकडे गेलें ती मी लहानपणापासून पाहत आलों आहें. आमच्या किनाऱ्यावरचे मांगेला लोक पावसाळ्यांत होड्या वर ओढून घेतात. १ जूनपासून मासेमारीला बंदी असते. मग उघडीप मिळेल तशी होडी खरवडावयाची, फटी बुजवावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास नव्या रंगानें तिला पुन्हां पाण्यांत लोटावयाची. त्या लोकांतील एका वयस्क स्नेह्यांना मीं विचारलें कीं, वडिलांच्या वेळची होडी खरवडतांना त्यांना कधीं जिवावर आलें कां? ते माझ्याकडे जरा नवलानेंच पाहूं लागले. म्हणाले, "सर, रंग नाहीं दिला तर लांकडाला किडा लागेल. बापाची होडी किड्याला द्यायची कां?" आणि थोडें थांबून म्हणाले, "बाप निळा द्यायचा. मी हिरवा देतों. होडीला कळतें थोडेंच!"

याच तालुक्यांतल्या वारली लोकांच्या भिंतींचेंही असेंच आहे. त्यांचीं चित्रें आतां जगभर कागदावर आणि कापडावर टांगलेलीं असतात. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनीं तीं भिंतीवरून कागदावर आणून स्वतःच्या नांवानें काढलीं आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पण मूळ चित्र लग्नाचा चौक म्हणून सुवासिनींनीं काढावयाचें असतें. शेणानें सारवून गेरूनें तांबडी केलेली भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तें चित्र टिकविण्यासाठीं काढीतच नाहींत. भिंत पुन्हां सारवली जाते, आणि पुढच्या लग्नाला पुढचा चौक येतो. टिकते ती काढण्याची रीत. देशावर पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतात. गेल्या वर्षींचा हिंगूळ जपून ठेवा असें अद्याप कोणा शेतकऱ्याला कोणीं सांगितल्याचें मीं ऐकलेलें नाहीं.

हें सर्व मीं घरीं बोलून दाखविलें. व्याख्यान देण्याची संवय असलेल्या माणसाच्या घरांत व्याख्यानाची किंमत फार नसते. पण तिनें एवढें म्हटलें, "एका काठीवर करून पाहा. मला आवडलें नाहीं तर बाकीच्यांना हात लावायचा नाहीं." ही अट मीं मान्य केली आणि सर्वांत लहान लांकडी काठी काढली.

रंगाच्या कामांत रंग हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग. नऊ हिस्से मेहनत जुनें उतरविण्यांत जाते. आधीं तळाची पितळी पट्टी आणि तोंडावरचे बारीक स्क्रू यांच्यावर कागदी पट्टी चिकटवावयाची. मग १२० नंबरचा पेपर, मग २२०, मग ४००. आणि घासणें नेहमीं लांकडाच्या रेषेच्या दिशेनें, आडवें नव्हे. आडवा ओरखडा रोगणाखालीं दुप्पट मोठा दिसतो. घाई करणाराला हें काम जमत नाहीं, आणि माझ्यासारख्या, परीक्षेचे पेपर तपासून हात थकलेल्या माणसाला तें फार मानवतें. येथें गुण द्यावयाचे नसतात.

तपकिरी रोगण उतरूं लागलें तेव्हां मला खालीं लांकूड दिसेल अशी अपेक्षा होती. लांकूड दिसलें नाहीं. खालून हिरवा रंग निघाला, जरा मळकट, सरकारी वाटणारा. तो आणखी थोडा घासला तों त्याच्याखालीं काळा थर लागला. आणि लांकूड होतें तें त्याच्याही खालीं. मीं ती काठी तशीच नेऊन पत्नीच्या हातांत दिली.

तिनें ती खिडकीजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "हा आमच्या क्वार्टरच्या खिडक्यांचा रंग. मी दुसरींत होतें. बाबांनीं एका रविवारीं सगळ्या खिडक्या स्वतः रंगविल्या होत्या." उरलेल्या डब्याचें त्यांनीं काय केलें होतें, तें चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीं आमच्या ओटीवर उघडकीस आलें. काठ्या त्यांनीं वापरलेल्याच विकत घेतल्या होत्या. काळा रंग कोणा आधींच्या मालकाचा असणार. त्यावर त्यांनीं खिडक्यांचा हिरवा चढविला, आणि पुढें केव्हां तरी, बहुधा हुद्दा वाढल्यावर, तो झांकून हें प्रतिष्ठित तपकिरी रोगण दिलें. म्हणजे ज्या रंगाला आम्ही त्यांचा हात समजून जपत होतों, तो त्यांनीं दिलेला निदान दुसरा रंग होता. पहिला त्यांनींच बुजविला होता.

त्यानंतर मला कांहीं पटवून द्यावें लागलें नाहीं. पेपरचा दुसरा तुकडा तिनेंच उचलला. एक मात्र तिनें मागितलें: मानेजवळ, जेथें दोरा गुंडाळावयाचा असतो, तेथें नखाएवढा हिरवा राहूं द्यावा. तो ठेवला आहे. वर दोरा आल्यामुळें तो कोणाला दिसत नाहीं.

आतां प्रश्न नव्या रंगाचा. घरीं बसून गोल्फचें सामान आपल्या पसंतीनें रंगविणारा मी पहिलाच नव्हे, हें सांगावयास मला एक मोठा आधार आहे. मुंबईंत १८६५ सालीं जन्मलेला किपलिंग लग्नानंतर कांहीं वर्षें अमेरिकेंत व्हरमाँटमध्यें घर बांधून राहिला. त्या घराचें नांव त्यानें 'नौलखा' असें ठेवलें होतें. १८९४ सालीं कॉनन डॉयल त्याच्याकडे पाहुणा आला तो गोल्फच्या काठ्या घेऊनच, आणि त्यानें यजमानाला शेतांत या खेळाचे धडे दिले. पुढें हिंवाळ्यांत बर्फांत पांढरा चेंडू दिसेना म्हणून किपलिंग चेंडू लाल रंगवून खेळत असे. त्याचा रंग गरजेंतून आला. माझा कोठून यावा?

डहाणूच्या दुकानांत यंत्रावर हजारो छटा करून मिळतात. त्यांची पुस्तिका मीं चाळली. तींत प्रत्येक छटेला कवितेसारखें नांव होतें, पण मला हवी होती ती छटा नव्हती. मला ओल्या गेरूचा रंग हवा होता, सारवलेली भिंत अर्धवट वाळतांना दिसतो तो. शेवटीं तांबडा, पिवळा आणि अगदीं थोडा काळा आणून मीं तो घरींच, चमच्यानें मोजून, जुन्या वाटींत जमविला. या रंगाची एक गंमत मला रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनीं सांगितली. गेरूला तांबडेपणा येतो तो लोखंडाच्या भस्मामुळें, आणि दांड्यांवर आलेला गंज हाही त्याच कुळांतला. पण गंजतें तें लोखंड. जें पुरतें गंजून गेरू झालें त्याला आतां आणखी गंजावयाचें उरलेलें नसतें. म्हणून तर तो रंग उन्हापावसांत शतकानुशतकें टिकतो, आणि लोखंडी फाटकाला पहिला हात देतात तोही याच तांबड्या भस्माचा. ज्यानें काठ्या खाल्ल्या, त्याच्याच रंगाचें पांघरूण त्यांना मिळालें.

पावसाळी हवेंत रोगण दिलें तर तें पांढुरकें पडतें, म्हणून घासण्याचें काम श्रावण-भाद्रपदांत केलें आणि रंग आश्विनांत, ऑक्टोबरच्या उन्हांत दिला. हात पातळ हवेत. मोठ्या काठीचें डोकें जेमतेम २०० ग्रॅमचें असतें. जाड थरांनीं त्यांत चार-सहा ग्रॅमांची भर पडली तरी जाणत्या हाताला काठी वेगळी लागते. लोखंडी काठ्यांच्या चकचकीत मुलाम्यावर रंग बसत नाहीं. तेथें फक्त कोरलेले आंकडे भरावयाचे असतात. थिनरनें जुना रंग काढावा, काडीच्या टोंकानें नवा भरावा, आणि ओला असतांनाच वरचा सांडलेला भाग फडक्यानें पुसून घ्यावा. सुटलेला दोरा पुन्हां गुंडाळण्याचें काम माझ्या त्याच होडीवाल्या स्नेह्यांनीं केलें. जाळें विणणाऱ्या बोटांना तें सांगावें लागलें नाहीं. गांठ कोठें लपविली हें मला अजून सांपडलेलें नाहीं.

एक जागा मात्र रंगाशिवायच ठेवावयाची असते, ती म्हणजे काठीचें तोंड, जेथें चेंडूचा स्पर्श होतो. चेंडूच्या गतीवर परिणाम होईल असा कोणताही पदार्थ काठीच्या डोक्याला लावूं नये, असा खेळाचा नियमच आहे; आणि नियम नसता तरी तेथला रंग चार तडाख्यांत उडालाच असता. त्यामुळें ज्या खुणा सासऱ्यांच्या हातून खरोखर उमटल्या, ते चेंडूचे वळ, ती किंचित् टांचेकडे पडलेली झीज, त्या सर्व जशाच्या तशा राहिल्या. ते चेंडू जरा आंत घेऊन मारीत, हें आतांही त्या तोंडावर वाचतां येतें. बाकीचा रंग त्यांनीं हौसेनें दिला होता आणि हौसेनें बदललाही होता. हें तोंड त्यांनीं रंगविलेलें नव्हतें. तें वापरून झालें होतें.

म्हणून, ज्या घरांत वडिलधाऱ्यांची एखादी वस्तु पोपडे सोडीत पडली आहे आणि कोणाला तिला हात लावण्याचें धैर्य होत नाहीं, त्या घराला मी एवढेंच सुचवीन कीं, आधीं ती वस्तु पुन्हां कामांत घ्यावयाची आहे कीं नाहीं तें ठरवावें. घ्यावयाची नसेल तर तिला सुखानें कपाटांत ठेवावें. घ्यावयाची असेल तर तिला रंग लागेल, आणि तो आपल्या पसंतीचाच असावा. कारण त्यांनींही तो त्यांच्या पसंतीचाच दिला होता. आपण त्यांचा रंग राखला म्हणजे त्यांना राखलें असें होत नाहीं. त्यांनीं जें केलें तें आपण केलें, म्हणजे कांहीं अंशीं होतें.

नवही काठ्या झाल्या. माझ्या गेरूचें प्रमाण, तांबडा किती चमचे, पिवळा किती, काळा किती थेंब, मीं एका चिठ्ठीवर लिहून पिशवीच्या कप्प्यांत ठेवलें आहे. पुढें त्या ज्याच्या हातीं जातील त्यानें तेंच पाळावें असा माझा आग्रह नाहीं. त्याला निळा आवडला तर त्यानें निळा द्यावा. मात्र घासतांना घाई करूं नये, आणि खालचा प्रत्येक थर उजेडाकडे नेऊन एकदां पाहावा.